काट्याएवढा उजेड

कडूबाईला तिच्या आईबापांनी हे नाव मुद्दाम ठेवलं होतं. आधीची तीन लेकरं राहिली नव्हती, म्हणून चौथीला असं नाव द्यायचं ठरलं की सटवाईनंसुद्धा तोंड वाकडं करून पुढच्या घरी जावं. सटवाई गेली असावी, कारण कडूबाई चांगली सत्तरीच्या पुढं जगली. तिची सून रतनबाई, तिच्याकडून मी ही हकिकत ऐकली. मधूनमधून ती स्वतःच हसत सुटायची, त्यामुळं एकदोन तपशील मला दुसऱ्यांदा विचारून घ्यावे लागले.

गाव चकलांबा, राज्य निजामाचं, फसली सन तेराशे बावीसच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे बाराच्या आगंमागं. कडूबाईच्या नवऱ्याचं नाव हरिबा. तीस-चाळीस मेंढरं होती आणि ती राखायचं काम कागदोपत्री म्हणावं तर हरिबाचं. पण हरिबाला झोप फार. काठीवर हनुवटी टेकवून तो उभ्या उभ्या झोपायचा. मेंढरं चरत चरत लांब गेली की एखादी म्हातारी मेंढी परत येऊन त्याच्या धोतराला हुंगायची, मग तो जागा व्हायचा. कडूबाई म्हणायची, "आमच्यात राखणदार मेंढीच हाय, ह्येंला नुसतं सोबतीला नेती ती."

घर मातीचं, दोन खणांचं, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. पहिल्या खणाच्या माळवदाला उजेडासाठी आणि धुरासाठी वर एक भोक ठेवलेलं, त्याला आमच्याकडं साणं म्हणतात. दुसरा खण कोकरांचा. त्याला साणं नव्हतं, खिडकी नव्हती, नुसतं एक लाकडी दार. दार लावलं की आत डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये इतका अंधार. दाराच्या समोर गल्ली, गल्लीपलीकडं मारुतीच्या देवळाची मागची बाजू आणि एक कडुलिंब.

एका उन्हाळ्यात कडूबाईनं कोकरांच्या खोलीतल्या भिंती पांढऱ्या मातीनं सारवून काढल्या. त्याच दिवसांत दाराच्या फळीतला एक जुना खिळा गंजून गळून पडला. दोन्ही गोष्टी अशा, की कुणी ध्यानात ठेवू नयेत.

उन्हं कलती झाली होती. एक कोकरू आजारी होतं, त्याला मांडीवर घेऊन कडूबाई दार लावून आत बसली होती. कोकराला झोप लागावी म्हणून ती थापटत होती आणि सहज तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतीवर लिंब उगवला होता. बुंधा वर, शेंडा खाली. त्याच्या शेजारी मारुतीचं देऊळ, कळस जमिनीकडं रोखलेला. कडूबाई बघत राहिली, तेवढ्यात भिंतीच्या वरच्या बाजूनं एक माणूस पाय वर करून डोक्यावर चालत आला, क्षणभर थांबला, लिंबाला पाठ घासली आणि निघून गेला.

कडूबाईनं कोकरू खाली ठेवलं आणि पहिल्या खणात हरिबा झोपला होता, त्याला हाक मारली.

"अवं, उठा की. भितीवर मारुतीचं देऊळ आलंय."

"येऊ दी," हरिबा डोळे मिटूनच म्हणाला. "देवच हाय, चोर थोडाच हाय."

"उलटं आलंय!"

यावर मात्र त्याला उठावं लागलं. त्यानं येऊन दार सताड उघडलं. उजेडाचा लोंढा आत शिरला आणि भिंत होती तशी पांढरी झाली.

"कुटं हाय?"

"दार लावा की! दार लावलं की दिसतंय."

हरिबानं दार लावलं, पण स्वतः बाहेर राहून. आतून कडूबाई ओरडली, "आता तुमी आलाव भितीत! डोक्यावर हुबे हाव!"

हरिबानं घाबरून स्वतःचे पाय चाचपले. पाय जमिनीवरच होते. कडूबाई म्हणाली, "हात हालवा बरं एक." त्यानं हलवला. "डावा कावून हालवला?"

"उजवा हालवलाय!"

"मला डावा दिसायलाय."

दोघं दाराच्या अलीकडून-पलीकडून बराच वेळ भांडले. गल्लीतून जाणाऱ्यांना दिसत होतं ते एवढंच की हरिबा बंद दारासमोर उभा राहून एकेक हात वर करतोय.

दुसरी एखादी असती तर देवऋष्याकडं गेली असती. कडूबाईच्या डोक्यात मात्र असं आलं, की दार उघडं असताना चित्र नाही आणि बंद केल्यावर आहे, म्हणजे ते त्या खिळ्याच्या भोकातून येत असणार. तिनं भोकावर बोट ठेवलं. भिंत काळी. बोट काढलं, देऊळ परत आलं. मग पुढचे आठ दिवस तिला दुसरा उद्योग राहिला नाही. तिनं विळ्याच्या टोकानं भोक कोरून मोठं केलं, तर भिंतीवर उजेड भरपूर आला पण देऊळ पाण्यात भिजलेल्या गुळासारखं पसरलं. आणखी कोरलं तर देऊळही गेलं, नुसता उजेडाचा डाग उरला. तेव्हा तिनं ते भोक शेणामातीनं लिंपलं आणि ओल्या लिंपणात बाभळीचा काटा खुपसून काढला. आता चित्र अंधुक पडलं, डोळे ताणून बघावं लागायचं, पण लिंबाची पानं वेगळी दिसायला लागली. वेगवेगळ्या जाडीचे काटे आणून तिनं हेच परत परत केलं. शेवटी एका काट्यावर तिचं मन बसलं. तो काटा तिनं चिंधीत गुंडाळून भिंतीतल्या दिवळीत ठेवला आणि हरिबाला सांगितलं, याला हात लावाल तर बघा.

गावचे पाटील सुंदरराव. नावापुरतेच सुंदर, पण आवाज मोठा. त्या वर्षी त्यांनी मारुतीचे एकवीस शनिवार निर्जळी धरले होते. सकाळपासून पारावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला उपासाचं सांगायचे आणि कुणी भाकर बांधून शेताला निघालेला दिसला, की "खावा बाबांनो, तुमचं पोटच मोठं" असं म्हणायचे. शनिवारी गावात लोकांना घास गिळायची चोरी झाली होती. पाटलांची बायको छबुबाई, तिनंही नवऱ्यामागं तेच व्रत धरलं होतं. नवरा निर्जळी असताना बायकोनं कसं खावं?

अकराव्या शनिवारी कडूबाई खोलीत दार लावून बसली असताना भिंतीवर सुंदरराव उलटे अवतरले. देवळामागं आले, इकडंतिकडं बघितलं, उपरण्याखालून फडकं काढलं आणि लिंबाकडं पाठ करून खायला बसले. तोंड बरोबर कडूबाईच्या दाराकडं. बंद दाराला कोण भितो? कडूबाईनं घास मोजले नाहीत, पण धपाटे होते हे तिनं ओळखलं.

संध्याकाळी पारावर दहा-बारा माणसं बसलेली. सुंदरराव घसा कोरडा पडल्यासारखे बोलत होते. मेंढरं घेऊन जाता जाता कडूबाई थांबली.

"मालक, एक इचारू का? बाईमानूस हाय, मला काय कळत न्हाई."

"इचार की."

"देवाच्या पाठीमागं बसून डाव्या हातानं धपाटं खाल्लेलं चालतंय का?"

"डाव्या हातानं?" सुंदरराव ताडकन उठले. "कोन म्हनतंय डाव्या हातानं? उजव्या हातानं खाल्लेत मी!"

 पारावरच्या एका म्हाताऱ्याला खोकल्याची मोठी उबळ आली. सुंदरराव उभे होते ते हळूहळू खाली बसले.

कडूबाईनं 'डाव्या' हे चुकून म्हटलं की मुद्दाम, ते तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, असं रतनबाई म्हणते.

गावानं एकच अर्थ काढला, की कडूबाईला भिंतीपलीकडचं दिसतं. बाया तिच्या पाया पडायला आल्या. एक हरवलेली नथ विचारायला आली, दुसरी सवत कधी मरेल ते. कडूबाई प्रत्येकीला दारापाशी नेऊन दाखवायची, "अगं बाई, अंगात बिंगात काय न्हाई, दाराला भोक हाय." बाया मान डोलवायच्या आणि बाहेर जाऊन एकमेकींना सांगायच्या, की देवीचं असंच असतंय, ती कबूल करीत न्हाई.

स्वतः सुंदररावही एकदा आत येऊन बघून गेले. भिंतीवर आपलाच गडी रामहरी डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चाललेला दिसला. घागर उलटी, आणि पाणी सांडत नाही! पाटील घाम पुसत बाहेर आले आणि भोक बुजवायला सांगावं की नाही याचा विचार करत घरी गेले. घरी छबुबाई त्यांची वाट बघत होती. अकरा शनिवार पाण्याचा थेंब न घेतलेली बाई. त्या दिवशी घरात काय बोलणं झालं ते बाहेर आलं नाही, पण बारावा शनिवार कुणीच धरला नाही, आणि दुसऱ्या दिवशी कडूबाईला पाटलांच्या गढीतून बोलावणं आलं.

"कडू," छबुबाई म्हणाली, "तुला उजेडातलं कळतंय म्हनत्यात. माझं सैपाकघर बग जरा."

गढीच्या भिंती चार-चार हात रुंद. सैपाकघर एका कोपऱ्यात, भरदुपारी दिवा लावून डाळ निवडायची. गवंडी उत्तरेश्वर यानं पूर्वी खिडकी पाडू का विचारलं होतं, पण सुंदररावांचं म्हणणं, मोठी खिडकी पाडली की चोरही आत येणार आणि लोकांची नजरही.

कडूबाई भिंतीवर हात फिरवत राहिली. मग तिनं उत्तरेश्वरला बोलावून घ्यायला सांगितलं. "उतरूभाऊ, बुरुजातल्या बंदुकीच्या जंग्या बघितल्याव का? भाईरून मूठभर, आतून सुपायेवढ्या. शिपायाला आतून बंदूक फिरवाया जागा, भाईरच्याला मातर नेम धरता येऊ नये. तसंच करा. आतल्या उतरत्या बाजूंना पांढरी माती लावा. उजेड शिरंल बारका, पर आत आला की पसरंल."

"गवंडी मी का तू?" उत्तरेश्वर तडकला.

"तुमीच. मी नुसती कोकरं पाळते. पर बुरुजात बसून किती उन्हाळं काढलेत, तुमाला ठावं न्हाई."

सुंदररावांना भीती वेगळीच. "आन् भितीवर मानसं उलटी नाचायला लागली तर?"

"न्हाई नाचत मालक. मानसं काट्यायेवढ्या भोकातून येत्यात. मुठीयेवढ्यातून नुसता उजेड येतोय."

उत्तरेश्वरनं कुरकुरत चार दिवसांत काम केलं. पाचव्या दिवशी सकाळी सैपाकघरात ऊन शिरलं, पांढऱ्या उतारावरून घरंगळत खाली आलं आणि चुलीपर्यंत पोचलं. छबुबाईनं पहिल्यांदा आपली चूल कोणत्या रंगाची आहे ते पाहिलं. मग जळमटं पाहिली, मग फडताळाच्या मागं पडलेली दोन वर्षांपूर्वी हरवलेली पळी पाहिली. सुंदरराव जेवायला बसले आणि वाटीकडं बघत म्हणाले, "ह्या आमटीत डाळ येवढीच असती का रोज?" छबुबाईनं सांगितलं, आजपासून जास्त घालीन, आता मलाबी दिसायलीय. उत्तरेश्वर पुढं पाली-मांजरसुंब्यापर्यंत अशा खिडक्या पाडत गेला. कुणी विचारलं तर हे काम आपल्या आज्यापासून घरात आहे असं सांगायचा. कडूबाईला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, सांगू दी, त्याच्या आज्याला बरं वाटंल.

दिवाळीनंतर औरंगाबादेहून बद्रीनाथ नावाचा फोटोवाला आला. गेवराईकडच्या एका पाटलानं आपला फोटो काढून बैठकीत लावला होता. ते बघून आल्यापासून सुंदररावांना भाकर गोड लागत नव्हती. बद्रीनाथ शहागडला गोदावरी उतरून, बैलगाडीत पेट्या घालून आला, आणि गावाच्या वेशीपाशी गाडी एका दगडावरून अशी उडाली, की कॅमेऱ्याचं भिंग फुटून तीन तुकडे झाले. काचांवरच फोटो उमटायचे त्या काळी. त्या काचांपैकीही दोनच वाचल्या असाव्यात असा त्याचा अंदाज, पण पेटी उजेडात उघडता येईना. "बिल्कुल अंधेरी खोली लागते मला," तो म्हणाला. "चिमटीएवढाही उजेड नको."

गावात तशी खोली एकच. कडूबाईनं त्याला आत घालून दार लावलं. भोक बुजवायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. थोड्या वेळानं आतून बद्रीनाथचा आवाज आला, "अजी! हे तर आमच्या डब्यातलंच सगळं!"

पेटी अजून उघडली नव्हती, म्हणून बरं. तो बाहेर आला तो कडूबाईला शोधत. त्याचा कॅमेरा म्हणजे हीच खोली, फक्त लहान. भिंतीच्या जागी काच, भोकाच्या जागी भिंग. "भिंगाशिवायही होतं असं उस्ताद सांगायचे. मी कधी केलं नाही. भोक केवढं ठेवायचं, ते त्यांनी सांगितलंच नव्हतं."

कडूबाईनं दिवळीतला काटा आणला. तो घरातल्या तिच्या खोलीसाठी बरोबर होता. बद्रीनाथचा डबा हातभराचा, म्हणून तिनं त्याहून बारीक भोक पाडायला सांगितलं. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याला सुईनं भोक पाडलं, कडा दगडावर घासून सपाट केल्या, पत्रा काजळीनं काळा केला आणि भिंगाच्या जागी ठोकला. बद्रीनाथ म्हणाला, "आता एकच अडचण. भिंग असतं तर डोळा मिटून उघडेतो फोटो झाला असता. ह्या भोकातून उजेड थेंबथेंब येणार. तीन मिनिटं कुणी हलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळामागं सगळी तयारी झाली. खुर्चीवर सुंदरराव, डोक्याला लाल पागोटं, मांडीवर तलवार. मागं भावकी. कडेला लिंबाखाली हरिबा बसल्या जागी झोपलेला, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. बद्रीनाथनं झाकण काढलं आणि खिशातल्या घड्याळाकडं बघत उभा राहिला.

"हालायचं न्हाई बे कुनी!" सुंदरराव मान मागं वळवून ओरडले. मग समोर बघितलं. मग परत मागं. "मुंजाजी, नाक कावून खाजवायलास बे?" मुंजाजी हा त्यांचा चुलतभाऊ. तो म्हणाला, माशी बसली. "बसू दी! मी हालायलो का? माझ्याकडं बग, माझ्याकडं!" असं म्हणत त्यांनी तलवारीचं टोक स्वतःकडं वळवलं. तीन मिनिटं ते अखंड लोकांना हलू नका म्हणून सांगत होते.

कडूबाईच्या खोलीतच, भोक शेणानं पक्कं बुजवून, बद्रीनाथनं काच धुतली आणि दुसऱ्या दिवशी तिच्याखाली कागद ठेवून उन्हात फोटो छापला. सगळा गाव वाकून बघायला लागला. फोटोत मारुतीचं देऊळ सुरेख आलं होतं, विटा मोजाव्यात असं. खुर्ची आली होती, चारही पाय. खुर्चीवर थोडं धुकं होतं. मागं भावकीच्या जागी आणखी थोडं धुकं. एक बकरी आली होती, पण ती रवंथ करत असल्यामुळं बिनतोंडाची. आणि उजव्या बाजूला, लिंबाखाली, मिशीसकट, घोंगडीच्या घड्यांसकट, स्वच्छ, ठळक, हरिबा.

"मी कुटं हाय?" सुंदररावांनी विचारलं.

बद्रीनाथनं धुक्यावर बोट ठेवलं.

"ह्यो तर हरिबाचा फोटू झाला!" सुंदररावांनी हरिबाला गाठलं. "तुला कुनी बोलावलं व्हतं बे फोटूत?"

हरिबा घाबरून म्हणाला, "मी कुटं आलो मालक? मी तर आदीपासून तितंच व्हतो."

आता एकच काच उरली होती. पाटील तीन मिनिटं गप्प बसू शकत नाहीत हे सिद्ध झालं होतं. कडूबाई आणि छबुबाई सैपाकघरात, त्या नव्या उजेडात बसून काहीतरी बोलल्या. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरी पुरणपोळी झाली. छबुबाईनं वाटीनं तूप वाढलं, आठवी पोळी शपथ घालून खायला लावली आणि मग म्हणाली, "जरा अंगणात खुर्चीवर बसा, वारं हाय." सुंदरराव पागोट्यासकट बसले. थोड्याच वेळात त्यांचा घोरण्याचा आवाज यायला लागला. कडूबाईनं मागून शेल्यानं त्यांची मान खुर्चीला अलगद बांधली, छबुबाईनं उघडं तोंड मिटवलं, आणि बद्रीनाथनं झाकण काढलं. माशा वारायला दोघीजणी दोन्ही बाजूंना पंखे घेऊन उभ्या. पंखे हलते होते, त्यामुळं त्या फोटोत धूसरच आल्या.

फोटो उत्तम निघाला. पागोट्याची घडी न् घडी, गालावरचा चामखीळ, सगळं. फक्त डोळे मिटलेले. बद्रीनाथ म्हणाला, ते माझ्यावर सोडा. फोटोच्या धंद्यात पडण्याआधी तो देवळांतून मूर्तींचे डोळे रंगवायचा. त्यानं बारीक कुंचला घेऊन कागदावर सुंदररावांना डोळे काढले. हात देवांवर बसलेला, त्यामुळं डोळे झाले ते मोठे, वाटोळे, पापणी न लवणारे.

सुंदररावांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. "अस्सं पायजे," ते म्हणाले. "मानूस कसं जागं दिसायलंय." फोटो बैठकीत लागला. वसुलीला आलेली माणसंही त्याच्यासमोर जरा सावरून बसायची. एका म्हातारीनं तर चप्पल काढून हात जोडले.

हरिबाचा फोटो बद्रीनाथनं कडूबाईला दिला. पुढच्या वर्षी तो नवं भिंग घेऊन परत आला आणि चुटकीसरशी फोटो काढायला लागला, पण गावाला ते पटलं नाही. एवढ्या लवकर काढलेल्या फोटोत माणूस पुरता कसा येईल, असं लोकांचं म्हणणं.

छबुबाईला मात्र फोटोपेक्षा ती भिंत हवी होती. गढीतल्या सुना-बायकांना बाजारात जायची चाल नव्हती. लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षं तिनं चकलांब्याचा बाजार फक्त ऐकला होता. गढीच्या धान्याच्या कोठारातली एक झरोक्याची भिंत बाजाराच्या बाजूला होती. तिथं कडूबाईनं एका दुपारी झरोका लिंपून त्यात एक काटा खुपसला. पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघी आत दार लावून बसल्या. समोरच्या भिंतीवर बांगड्यांचं दुकान आलं, बैल आले, भांडणारी दोन माणसं आली, सगळी पाय वर करून. छबुबाई भिंतीजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "कडू, त्या बांगडीवाल्याच्या पुढं बसलेली, हिरव्या लुगड्याची, ती माझी धाकटी भन तर न्हवं?" बहीणच होती. शेजारच्या गावात दिलेली, चार वर्षांत भेट नव्हती. छबुबाईनं रामहरीला पळत पाठवलं, आणि ती बहीण त्या दिवशी गढीत मुक्कामाला राहिली. नंतर प्रत्येक बाजाराला कोठारातून बायकांच्या हसण्याचा आवाज यायचा. सुंदरराव अंगणातून ओरडायचे, "धान्यात हसन्यासारखं काय हाय गं येवढं?" आतून उत्तर यायचं, "निवडायलोत!"

म्हातारपणी कडूबाईला लांबचं दिसेनासं झालं. गावातल्या म्हाताऱ्या अशा वेळी दारात बसून कोण आहे, कोण आहे असं विचारत राहतात. कडूबाईनं तसं केलं नाही. ती हाताची मूठ अशी वळायची की बोटांच्या मधून काट्याएवढी बारीक फट राहावी, आणि ती मूठ डोळ्याला लावून बघायची. रतनबाई सांगते, तेवढ्या फटीतून तिला पारावर बसलेला माणूस ओळखू यायचा. नव्या सुनांना वाटायचं, म्हातारी आपल्याला मूठ दाखवून शाप देतेय. डोईवर घमेलं असलं तरी त्या लांबूनच पदर सावरून वाकायच्या, आणि कडूबाई त्यांना मुठीतून नीट बघून घेऊन सांगायची, "डोईवरचं घमेलं नीट धर गं, येका बाजूला झुकलंय."